केसरबाईची मिसरी

केसरबाईनं चुलीवर तवा टाकला की सगळी आळी ठसकायला लागायची. तंबाखूची पानं कोरड्या तव्यावर पडली की आधी नुसता वास सुटायचा, मग पांढरा धूर आणि मग काळा. शेजारचं लेकरू खोकायचं, दावणीची म्हैस फुरफुरायची आणि पलीकडची संगीता दारातूनच ओरडायची, "आवं काकू, जीव घेता का आमचा!"

"आज जीव घेते आन उद्या डबी घेऊन तूच दारात येतीस, भवाने!" केसरबाई तवा न उतरवताच ठणकावून सांगायची. यावर संगीता हसायची, कारण ते खरंच होतं.

नांदूरघाटच्या आसपास मिसरी घरोघर भाजतात. पण केसरबाईच्या हातच्या मिसरीचं नावच निराळं. पान काळंभोर झालं पाहिजे, पण राख व्हायच्या आत तवा खाली आला पाहिजे. मग ते पाट्यावर वाटायचं, फडक्यातून चाळायचं, वरून भाजलेल्या ओव्याची चिमूट टाकायची. दसरा तोंडावर आला की ऊसतोडीला निघणाऱ्या बाया डब्या घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या. अर्धं वर्ष कारखान्याच्या रानात काढायचं. अंधारात उठायचं, हातात कोयता घ्यायचा, आणि भाकरीची गाठ पडायची ती ऊन डोक्यावर आल्यावर. मिसरीचं बोट हिरड्यावरून फिरलं की भूक मागं सरायची आणि डोळ्यावरची झोप उडायची. फडावरच्या बाईला दुसरं आहे काय, असं केसरबाई म्हणायची, आणि बाया माना डोलवायच्या.

चाळायला तिची सून वनमाला बसायची. वडवणीकडची पोर, चणीनं बारीक, कामाला मात्र वाघीण. बोलणं कमी. तसं केसरबाईच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाही नव्हती म्हणा. लग्न होऊन पहिल्याच हंगामाला फडावर गेली तेव्हा वनमाला दाढ धरून रडत बसली होती. केसरबाईनं तिची हनुवटी धरली आणि दाढेच्या बुडाशी चिमूटभर मिसरी दाबली. पोरीचं डोकं गरगरलं, उसाच्या सरीतच ओकली, पण दाढ थांबली. पुढं चार-दोन दिवसांनी तिनं आपण होऊन डबी मागितली. ही गोष्ट केसरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगायची. हिच्या आईनं शिकवलं न्हाई ते म्या शिकवलं, म्हणायची.

त्या वर्षी मात्र चाळताना वनमाला तोंडावर पदर घेऊन बसायला लागली होती. बोलायची ते दातातल्या दातात. धुराचा तरास होत असेल, असं केसरबाईनं धरलं आणि सोडून दिलं.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेला एरवी मोजकी टाळकी यायची. यंदा मारुतीच्या देवळापुढचं पटांगण भरलं ते दिपालीमुळं. दिपाली म्हणजे गावची आशाताई. तिचा सासरा गेल्या साली तोंडाच्या गाठीनं गेला, आणि तेव्हापासून बाईनं ध्यासच घेतला. घरोघर फिरली, बाया गोळा केल्या आणि ठराव मांडला की गावाच्या हद्दीत गुटखा, तंबाखू, मिसरी, काही म्हणता काही विकायचं नाही. विकणाऱ्याला दंड.

ठराव वाचायला सरपंच विठ्ठलराव उठले. उठण्याआधी मागं वळून त्यांनी गालातली तंबाखू थुंकली, तशी बायांच्यात खसखस पिकली.

टपरीवाला रामकिसन पहिला बोलला. "बंदीचं मला सांगू नका. गुटख्याला सरकारनं कवाच बंदी घातली. झालं काय? पुडी फळीवरून फळीखाली गेली आन भाव चढला. खानारा खायलाच."

मग परमेश्वर उठला. पुण्यात कंपनीत राहून आलेला, मोबाईलवर जगभरचं वाचणारा. "बंदीनं काईच व्हत न्हाई. उलट समदं खुलं करा. परदेशात गांजाबी खुला करायलेत. आमालाबी परवाने द्या, कापूस उपटून गांजा लावू. कायद्यानं इकू, कर भरू."

"लाव बे, लाव," मागून कुणीतरी म्हणालं, "मंग फौजदार तुलाच आत लावील." पटांगण फिदीफिदी हसलं.

दिपाली हसली नाही. "हसा. माझा सासराबी हसायचा. शेवटी त्येला पाणी गिळता येईना. जगात काय खुलं करायचं ते करू द्या. आपल्या येशीच्या आत इकायचं न्हाई, एवढंच माझं म्हणणं हाय."

हे बोलणं लागलं. पुढच्या रांगेतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, दोघीतिघींचे हात वर जायला लागले. तशी केसरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तवा गेला तर या गावात आपल्याला कोण विचारणार? नवरा मागंच गेला, कोरडवाहू तुकड्यावर मुलाचंच भागत नाही. बाया ओट्यावर येतात, दोन शब्द ऐकून घेतात, ते त्या काळ्या पुडीमुळं.

"दिपाली, तुझा सासरा दारू पीत व्हता, गुटखा खात व्हता, बिड्या फुकत व्हता. आन दोष कुणाला, तर मिसरीला? फडावर गेलीस का कवा? पहाटं पोटात कावळे वरडतेत तवा तुझ्या पिशवीत भुकेची गोळी हाय का? असली तर दे. मी उद्याच्याला तवा पालथा घालते." बाया हसल्या. केसरबाईला चेव आला. "माझ्या हातच्या मिसरीनं एका बाईचं तोंड नासलं म्हणून दाखव. लांब कशाला जायचं? माझी सून लग्न झाल्यापून लावायली. वनमाला, ऊठ गं! दाव तोंड समद्यांला!"

सगळ्या माना वळल्या. वनमाला बायांच्या मागं भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. तोंडावरचा पदर खाली केला. ओठ हलले, गालाची शीर ताणली, पण तोंड काही उघडेना. डोळ्यांत पाणी आलं तशी ती मान हलवून मटकन खाली बसली.

केसरबाई क्षणभर गोंधळली, पण क्षणभरच. "सासऱ्याच्या वयाचे बाप्ये बसलेत म्होरं. लाजायली माय!"

"केसरबाई," विठ्ठलराव हसत म्हणाले, "सून तोंड उघडत न्हाई, ही तर तुमची कमाई हाय." त्यावर तर पटांगण गदगदून हसलं. वर जाणारे हात खाली आले. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आणि माणसं उठून टपरीकडं गेली. वनमालाकडं टक लावून बघत एकटी दिपाली बसून राहिली.

केसरबाई घरी आली ती उड्या मारतच म्हणायची. पण आत पाऊल पडताच तिनं सुनेला धरलं. "येवडं उठविलं तर दोन दात दाखवायला काय झालतं तुला?"

वनमाला पाठमोरी होऊन चूल पेटवायला बसली.

"इकडं बघ. आ कर."

वनमालानं तोंड उघडलं. बोटभर उघडलं आणि अडलं. केसरबाईनं तिला हाताला धरून दारातल्या उजेडात आणलं, अंगठ्यानं गाल बाजूला केला. आत दाढेजवळ मांस उचलून आलं होतं. कडेनं पांढरं, मध्ये लालभडक. वासही येत होता.

"कवापून हाय?"

"आखाडापून."

"आन मला बोलली न्हाईस?"

"बोललते की, आत्या. तुमी म्हणलात उष्णता हाय, मिसरी दाबून धर."

म्हणाली होती खरी. केसरबाईला ते आठवलं. तिनं सुनेचा गाल सोडला आणि लुगड्याला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी उजाडायला दिपाली दारात हजर. "काकू, वहिनीचं तोंड उघडत न्हाई. काल मी बघितलं. अंबाजोगाईला चला. मी संगं येते, केसपेपर काढू, मोठ्या डॉक्टरला दाखवू. माझ्या सासऱ्याचं सुरवातीला असंच व्हतं."

केसरबाईच्या मनात काय काय आलं आणि गेलं. कालच तर साऱ्या गावापुढं छाती ठोकून बोलले. आज सुनेला घेऊन नांदूरघाटच्या फाट्यावर उभं राहायचं. येणारं-जाणारं विचारणार, कुठं चाललाव काकू? काय सांगायचं? संध्याकाळच्या आत रामकिसनच्या टपरीवर पांचट बोलणी सुरू होतील. आणि टोळी निघायला आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातली बाई दवाखान्यात बसली तर कोयता मोडला. मुकादम दुसरं जोडपं बघणार.

"उष्णता हाय," ती म्हणाली. "कडूलिंबाच्या पाल्याच्या गुळण्या करवीन, तूप लावीन. गुडीपाडव्याला आलाव की बघू."

"पाडव्यापातूर लई उशीर व्हईल, काकू."

"तुझ्या जिभेला काई हाड हाय का? दिवस उगवायला माझ्या सुनेचं वंगाळ बोलायलीस? माझी सून हाय, माझी मला कळती. जा, दुसऱ्याची दारं बघ."

दिपाली ओठ दाबून गेली. केसरबाई वळली तर आतल्या दाराशी वनमाला उभी. जायच्या साडीत. तोंड धुऊन, कुंकू लावून, हातात पिशवी घेऊन. दिपालीचा आवाज ऐकूनच तिनं साडी बदलली होती. सासूकडं तिनं एकदा पाहिलं, मग आत गेली आणि जुनी साडी नेसून भांडी घासायला बसली. केसरबाईनं ते सगळं पाहिलं.

टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, ज्वारीची पोती आणि वर माणसं. बजरंग आणि वनमाला एक कोयता. केसरबाई भाकरीला आणि फडावरची पाचटाची कोपी सांभाळायला. बजरंग म्हणजे केसरबाईचा एकुलता मुलगा, पुडी खाऊन दात लाल केलेला, स्वभावानं गरीब. आई एका बाजूला आणि बायको एका बाजूला बोलली तर हा शेळ्यांकडं बघणारा. मिसरीच्या डब्या ट्रॉलीत केसरबाईच्या मांडीवर होत्या. बाया वाटेत माझी कुठली, तुझी कुठली करत होत्या, आणि केसरबाई ऐटीत बसली होती.

फड मोठा होता, ऊस दाट आणि पानं धारेची. दव पडून पाचट भिजलेलं, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गारठा चढायचा. बजरंग तोडायचा, वनमाला पाला काढून ऊस साळायची, शेंड्याचं वाढं छाटायची, मोळी बांधायची. ट्रॉली आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. फळी लवायची. वनमाला वर पोहोचायची तेव्हा तिच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या असायच्या, आणि दात आवळायची सोय नव्हती, कारण आवळले की गालातून कळ थेट कानात जायची.

कामावर जायच्या आधी केसरबाई तिला कोपीच्या तोंडाशी बसवायची. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं गुळणी करायला लावायची, मग बोटावर मिसरी घेऊन गालाच्या आत त्या जखमेवर दाबायची. पहिल्यांदा वनमाला कळवळायची, पायाची बोटं मातीत रुतवायची. मग जागा बधिर व्हायची आणि चेहरा सैल पडायचा.

"वाटलं का बरं?"

वनमाला मान हलवायची. बरं वाटायचंच, खोटं कशाला सांगा. बरं वाटतंय म्हणजे औषध लागू पडतंय, असा केसरबाईचा हिशेब. दुपारी जास्त दुखलं तर ती फडात जाऊन पुन्हा लावायची. घरातल्या साऱ्यांपेक्षा चांगली मिसरी तिनं सुनेसाठी वेगळी काढून ठेवली होती. जीव होता तिचा त्या पोरीवर. कुणी काही म्हणो, होता.

पौषात भाकरी बंद झाली. केसरबाई भाकरी चहात कुस्करून द्यायची, मग तीही गिळेना तशी ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज करून द्यायची. तोंड आता इतकंच उघडायचं की चमचा आडवा घालून आत सोडावा लागे. वनमालाची गळ्याची हाडं वर आली. गाल बाहेरून सुजला, कातडी तांबूस, तकतकीत झाली. वास लपेना. दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून बसायच्या तेव्हा संगीता गुपचूप आपलं फडकं उचलून पलीकडच्या बांधावर जायची. एकदा वनमाला तिच्या शेजारी बसायला गेली, तर संगीता म्हणाली, "माय, मला मळमळ व्हायली गं, वाईट वाटून घिऊ नको." त्यानंतर वनमाला एकटीच उसाच्या आडोशाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायला लागली. केसरबाईनं ते पाहिलं. ती पेजेचं भांडं घेऊन सुनेजवळ जाऊन बसली आणि मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत राहिली.

एक दिवस मोळी घेऊन फळीवर चढताना वनमालाचा पाय सटकला. मोळी एकीकडं, ती एकीकडं. पाचटावर पडली म्हणून हाडं वाचली. मुकादम धावत आला. "काय बजरंग, बायको उपाशी ठेवायलास का? असं कसं चालंल बे? उद्या कारखान्याला मी काय सांगू?" वीसएक माणसांपुढं बजरंग मान खाली घालून उभा राहिला.

त्या दिवशी बजरंग आईपाशी आला. "आई, हिला घेऊन जाऊ का अंबाजोगाईला? त्या दिपालीचं ऐकाया पाहिजे व्हतं."

"आन कोयता?"

"मोडू दे की."

केसरबाई भडकली. भडकली म्हणण्यापेक्षा भेदरली. "अध्या हंगामात गावात जायचं, आन काय सांगायचं? केसरबाईच्या घरातच घाण निघाली म्हणून? मला तोंड दाखवायचं हाय त्या गावात. गळू हाय ते. पिकलं की फुटंल. मोळ्या मी व्हाते."

आणि वाहिल्या तिनं. साठी उलटलेली बाई, कंबर वाकलेली, डोक्यावर ओल्या उसाची मोळी घेऊन त्या लवत्या फळीवर चढायची. वर गेल्यावर मोळी टाकून ट्रॉलीच्या फळकुटाला धरून धापा टाकायची. हात चिरले, मान आखडली, झोपताना पाठ जमिनीला टेकेना. वनमाला खाली बसून मोळ्या बांधायची आणि सासू चढताना श्वास धरून बघत राहायची. दोघींनी मिळून एका बाईचं काम निभावलं. कोयता मोडला नाही. केसरबाईला त्यातही थोडा अभिमान वाटायचा, देवाशपथ वाटायचा.

शिमग्याच्या सुमाराला गळू फुटलं. पेज पिताना वनमालानं एकदम गालाला हात लावला, तर बोटं ओली. गालाला बाहेरून भोक पडलं होतं आणि त्यातून पेज गळत होती. केसरबाईनं आधी देवाचे आभार मानले, घाण बाहेर निघाली म्हणून. मग तिनं पदराच्या टोकानं पुसून बघितलं. पुन्हा बघितलं. आतलं दाताचं पांढरं तिला बाहेरून दिसलं.

बजरंगनं आईला विचारलं नाही. मुकादमालाही विचारलं नाही. दोघींना घेऊन तो मिळेल त्या गाडीनं निघाला. नांदूरघाटच्या फाट्यावर उतरले तेव्हा त्यानं दिपालीला फोन केला, आणि दिपाली आली. आली ती सरळ वनमालाजवळ गेली, तिच्या गालाला धुतलेलं फडकं लावून घट्ट धरलं. केसरबाईला वाटलं, आता ही बोलेल. म्हणाले नव्हते का काकू, असं म्हणेल. फाट्यावर गावची चार माणसं होती, तीही बघत होती. दिपाली एवढंच म्हणाली, "चला, गाडी यायली."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात रांग मोठी होती, पण वनमालाचा गाल बघून माणसांनी आपण होऊन वाट दिली. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं हातमोजे घातले, बॅटरी धरली, मान दाबून पाहिली, गळ्याच्या गाठी चाचपल्या. वनमालाला आता बोलता येत नव्हतं. डॉक्टर विचारायची ते ती मानेनं आणि हातानं सांगायची.

"जबड्याच्या हाडापर्यंत गेलंय," डॉक्टर बजरंगला म्हणाली. "गाठी मानेत उतरल्यात. इथं तुकडा काढून तपासू, पण संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात न्यावं लागेल. लगेच."

"बरी व्हईल का?"

डॉक्टरनं हातमोजे काढले. "दिवाळीच्या आत आणलं असतं तर एवढंसं काढून भागलं असतं. आता काय होतं ते तिथले डॉक्टर सांगतील."

बजरंगनं आईकडं पाहिलं नाही, भिंतीकडं पाहिलं. ते तिला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मिसरी ना?" डॉक्टरनं विचारलं. "घरात आणखी कोण लावतं? आजी, तुम्ही? या इकडं. आ करा."

केसरबाईनं तोंड उघडलं. मोठं उघडलं, सहज. डॉक्टरनं बॅटरी फिरवली, जीभ उचलायला लावली, गाल ओढून पाहिले. "तुमच्या तोंडात काही नाही. पण आजपासून बंद करा."

"काई न्हाई?"

"नाही."

"नीट बघा की, बाई." केसरबाईचा आवाज फाटला. "मी हिच्या दुप्पट लावते. जल्मभर लावायले. भाजते मी, वाटते मी, धूर माझ्या नाकातोंडात जातो. माझ्या तोंडात कावून न्हाई? असंल कुठंतरी. पुन्यांदा बघा."

"आजी, कुणाला होतं, कुणाला होत नाही. त्याचा नेम नसतो." डॉक्टर खुर्चीवर बसून लिहायला लागली. मग वर न बघताच तिनं वनमालाला विचारलं, "ही सवय तुम्हाला लावली कुणी? माहेरपासूनची आहे का?"

या प्रश्नाची केसरबाई फाट्यापासून वाट बघत होती. वनमालानं हात उचलला. बोट वळलं आणि तिनं ते आपल्याच छातीला लावलं. मी. माझी मीच.

"खोटं सांगायली ती," केसरबाई म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "खोटं हाय, बाई. मी लावली. दाढ दुखायली म्हणून म्या हिच्या तोंडात घातली. आन हे झाल्यावरबी रोज मीच दाबून भरली त्या जखमंत. ही दिपाली न्यायला आलती, मीच जाऊ दिलं न्हाई. गावात माझं हसं व्हईल म्हणून. लिव्हा तसं. माझं नाव लिव्हा."

दिपालीनं मान खाली घातली. वनमाला मान हलवत राहिली, न्हाई, न्हाई. दुसऱ्या हातानं तिनं सासूचा पदर ओढला, बस म्हणून, गप ऱ्हा म्हणून. डॉक्टर हळूच म्हणाली, "आजी, बाहेर बसा थोडं. मी कागद देते."

व्हरांड्यातल्या बाकड्यावर दोघी बसल्या. बजरंग आणि दिपाली कागदांच्या मागं फिरत होते. जाताना बजरंगनं पलीकडच्या हॉटेलातून दूध आणून ठेवलं होतं. केसरबाईनं ते वाटीत ओतलं, फुंकून फुंकून कोमट केलं. एका हातानं गालाच्या भोकावर फडकं दाबलं आणि दुसऱ्या हातानं वाटी सुनेच्या ओठाला लावली. थोडं दूध आत गेलं, थोडं फडक्यात आलं. ती पुन्हा पाजायची, पुन्हा पुसायची. तिचे डोळे वाहतच होते.

अर्धी वाटी झाल्यावर वनमालानं सासूचं मनगट धरून वाटी थांबवली. मग तिनं पाचही बोटं जुळवून आपल्या ओठांजवळ नेली आणि हात केसरबाईकडं वळवून भुवया उचलल्या. सकाळपासून तुमी काई खाल्लं का, असं ती विचारत होती.

"खाल्लं गं माय, खाल्लं," केसरबाई खोटंच म्हणाली आणि उरलेलं दूध तिनं फुंकायला घेतलं.